नवमीला बंद केलेलं मशीन

कॉम्प्युटर सुरू होताना आधी आपल्या डिस्का आहेत का ते बघतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. असायचं कारणही नाही. बटण दाबलं, चित्र आलं, काम सुरू. पण आत एक छोटी यादी असते: ही डिस्क या फोल्डरला जोड, ती त्या फोल्डरला जोड. यादीतली एखादी डिस्क हाकेला ओ देत नसली की मशीन तिथंच थांबतं, काळ्या पडद्यावर चार ओळी लिहितं आणि माणसाची वाट बघत बसतं. आम्ही त्याला डिस्क माउंट झाली नाही असं म्हणतो. अशा वेळी ज्याला फोन जातो तो माणूस मी.

लातूरच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळतोय. दवाखान्याचं नाव सांगत नाही. चूक दवाखान्याची नव्हती, माझी होती, आणि ती इथं एकदा नीट लिहून काढायची म्हणून बसलोय.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्या भागात लाईट फार जायची. मुख्य सर्व्हरमध्ये एक मोठी डिस्क होती. प्रत्येक पेशंटला किरण कोणत्या बाजूनं, कुठं, किती द्यायचे याचे आराखडे तिच्यावर असत. लाईट परत आली की ही डिस्क जागी व्हायला वेळ लावायची आणि मशीन तिच्यासाठी अडून बसायचं. मग सकाळी साडेसहाला टेक्निशियनचा फोन. मी तोंडात ब्रश घेऊन गाडी काढायचो. जाऊन करायचं काय, तर एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं. तेवढ्यात डिस्क जागी झालेली असे. आठ-दहा वेळा असं झाल्यावर माझं डोकं फिरलं. ते तसं लवकर फिरतं, घरचे सांगतील. एका सकाळी मी त्या यादीत डिस्कच्या ओळीपुढं एक शब्द टाकला: नोफेल. म्हणजे ही डिस्क आली नाही तरी थांबू नकोस, पुढं हो. त्या दिवसापासून मशीन न अडता सुरू होऊ लागलं, डिस्क मागाहून मिनिटाभरात आपली आपण जोडली जाऊ लागली आणि माझे सकाळचे फोन बंद झाले.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. डिस्क म्हातारी होत चालली होती म्हणून उठायला वेळ लावत होती, तिला बदलायला पाहिजे होतं. मी ओरडणाऱ्याचं तोंड बंद केलं आणि दुखणं बरं झालं म्हणून मोकळा झालो. पुढं दवाखान्यानं मोठ्या बॅटऱ्या घेतल्या, लाईट गेली तरी सर्व्हर चालू राहू लागला. चार वर्षं तो एकदाही बंद झाला नाही. तो शब्द यादीत आहे हे मी विसरूनही गेलो.

नक्कल ठेवायची सोयही मीच केली होती. रोज संध्याकाळी सात वाजता त्या डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरायचं. हुबेहूब. इकडं जे नवं आलं ते तिकडं घ्यायचं, इकडून जे काढलं ते तिकडूनही काढायचं, म्हणजे जागा भरत नाही. मला त्या व्यवस्थेचा अभिमान होता. नवे डॉक्टर आले की मी स्वतः नेऊन दाखवायचो.

आता त्या बाईबद्दल सांगतो, कारण हे सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

ती अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, साठीच्या अलीकडची. माझं गावही त्याच तालुक्यातलं, म्हणून पहिल्याच दिवशी ओळख निघाली. घरची शेती, एकुलता एक लेक, दोन नातवंडं. उभा जन्म मिशरी लावली, त्यातून गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन करून गाठ काढली आणि नंतर तीस शेक सांगितले. किरणांच्या डोसाला आमच्याकडं शेकच म्हणतात, डॉक्टरसुद्धा पेशंटशी बोलताना तेच म्हणतात. आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे. लातुरात तिचे पाहुणे होते, पण लोकाच्या घरी किती दिवस पडून राहायचं म्हणून ती रोज सकाळच्या एसटीनं यायची आणि दुपारी परत जायची.

सर्व्हरच्या खोलीतला एसी दाराखालून थोडा बाहेर यायचा. त्या दारापाशी एक बाकडं होतं, ती नंबर येईपर्यंत तिथंच बसायची. तोंडाच्या पेशंटला शेक देताना चेहरा हलू नये म्हणून प्लास्टिकच्या जाळीचा साचा बसवतात, कपाळापासून गळ्यापर्यंत घट्ट. ती त्याला मुसकं म्हणायची.

"बैलाला मुसकं घालतेत ते त्यानं पिकात तोंड घालू नये म्हणून," ती एकदा म्हणाली. "मला काय खायाला जातंय तवा घालून राहिलेत?"

मी हसलो, तीही हसायला गेली आणि गाल धरून बसली. त्याच दिवशी तिनं विचारलं की या दारामागं रात्रंदिवस काय घरघरतंय. मी म्हणालो, किरण तुमच्या गालावर कुठून आणि किती मारायचे ते सगळं आत लिहून ठेवलंय.

"म्हंजे माझा गाल ह्या डब्यात हाय?"

"हाव."

"मग नीट ठेव रं बाबा."

आमच्या डॉक्टरबाई कडक होत्या. पेशंट आला की पहिल्या दिवशी त्या नातेवाइकांना समोर बसवून सांगायच्या: तोंड आतून सोलून निघेल, गिळता येणार नाही, वजन उतरेल, पण मध्ये खंड पाडायचा नाही. शेक अर्ध्यात थांबला की उरलेला आजार पुन्हा वाढायला लागतो आणि मग तो हाताला लागत नाही. हे त्यांचं बोलणं मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला पाठ होतं. ही बाई तर खंड पाडणाऱ्यातली नव्हतीच. तिसऱ्या आठवड्यात तिची भाकरी सुटली, चौथ्यात वरणभातही सुटला. ताक आणि वरणाचं पाणी एवढ्यावर ती एसटीचे धक्के खात यायची. अष्टमीला तिचा एकोणिसावा शेक झाला. बोटांवर दाखवून म्हणाली, अकरा राहिले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. खंडेनवमीला ती बंद. एरवी बाळंतिणीचं दळण असलं तरी वडील रात्रीबेरात्री पट्टा चढवायचे, पण त्या दिवशी साक्षात पाटील आला तरी नाही. सकाळी गिरणी पुसून काढायची, जात्याला हळदकुंकू, पट्ट्याला झेंडूची माळ, समोर नारळ. ज्याच्यावर वर्षभर पोट भरतं त्याला एक दिवस विसावा, आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. हे माझ्या हाडात आहे. गिरणी गेली, वडील गेले, पण दर नवमीला मी घरातले पाने-पक्कड मांडून पूजा करतोच.

त्या वर्षी दवाखान्यात ठरलं की नवमीला सगळ्या यंत्रांची पूजा करायची. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होतीच. दोन दिवसांचं मी नंतर भरून काढते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. किरणांच्या मशीनला हार घातला, सीटी स्कॅनला घातला. मग कोणीतरी म्हणालं, सर्व्हरलाही घालू. मी म्हणालो, चालू यंत्राची पूजा करत नाहीत. हे मीच म्हणालो, मला कोणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःच्या हातानं तो सर्व्हर बंद केला. घरघर थांबली तेव्हा खोली एकदम मोठी वाटली. मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, पाया पडलो.

माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, तो सांगेल: वर्षानुवर्षं अखंड फिरणारी जुनी डिस्क कधी थांबवू नये. फिरत असते तोवर फिरते. एकदा गार पडली की पुन्हा उठेल याचा भरवसा नसतो. मला हे माहीत होतं. त्या सकाळी ते आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी मी बंद केला असता असं मला आज वाटतं, कारण वडिलांची गिरणी डोळ्यांपुढं होती.

दसऱ्याला सकाळी मी मुद्दाम दवाखान्यात गेलो. उद्या पेशंट येतील, आजच चालू करून ठेवू म्हणून. बटण दाबलं, पंखे फिरले, हिरवा दिवा लागला, नेहमीचा पडदा आला. कुठं अडलं नाही, कुठं थांबलं नाही, काळ्या पडद्यावर ओळी आल्या नाहीत. मी दार लावून घरी गेलो आणि दुपारी गल्लीभर सोनं वाटत फिरलो.

संध्याकाळी सात वाजता नक्कल उतरवायचं काम ठरल्याप्रमाणं आपोआप झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेक्निशियन म्हणाला, पेशंटची यादी रिकामी दिसतेय. मी गेलो. फोल्डर उघडला तर आत काहीच नाही. कोणत्या डिस्का जोडल्या गेल्यात ते बघितलं तर मोठी डिस्क त्यात नव्हतीच. ती उठलीच नव्हती. मशीननं तिला हाक मारली, ती आली नाही आणि मी सांगून ठेवल्याप्रमाणं मशीन तिला मागं टाकून पुढं गेलं. रिकामा फोल्डर दाखवत सर्व्हर शहाण्यासारखा चालू होता. मी डिस्क बाहेर काढली, वायर बदलली, दुसऱ्या खोबणीत लावली, दुसऱ्या मशीनला लावली. कान लावला तर आतून टक, टक, आणि मग काही नाही. डिस्क गेली हे मला कळलं, पण अजून मी घाबरलो नव्हतो. नक्कल होती ना. टेक्निशियनला म्हणालोसुद्धा, चहा सांग, तासाभरात चालू करतो.

मग मी नकलेची डिस्क उघडली. तीही रिकामी.

मला समजायला दोन-तीन मिनिटं लागली. मग समजलं आणि मी खुर्चीत बसलो. नक्कल करणाऱ्या कामानं संध्याकाळी इकडचा फोल्डर बघितला, तो रिकामा होता. इकडं काही नाही म्हणजे तिकडंही काही नको. त्यानं इमानेइतबारे सगळं पुसलं. पुसलेल्या डिस्कवरून परत काही निघतंय का ते मी दुपारपर्यंत बघितलं. फाइलींची नावं निघाली, आत काही नीट नव्हतं. पेशंटच्या अंगावर किरण सोडायचे तर अर्ध्यामुर्ध्या आराखड्यावर कसे सोडणार? 

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी एकच विचारलं, "दोन्ही डिस्का एकाच दिवशी कशा गेल्या?"

"व्होल्टेज," मी म्हणालो.

आमच्याकडं व्होल्टेजवर टाकलं की कोणी पुढं विचारत नाही. मोटार जळाली, व्होल्टेज. फ्रिज गेला, व्होल्टेज. त्यांनी कपाळाला हात लावला आणि फोन करायला गेल्या. व्होल्टेजचं काही नव्हतं, बॅटऱ्या धडधाकट होत्या. तो शब्द माझ्या तोंडातून विचार न करता आला, आणि एकदा आला म्हटल्यावर मी तो धरून बसलो.

दोन बाजूंनी साधा शेक द्यायचे पेशंट कागदावरच्या नोंदी बघून चालवता येत होते, ते चालू ठेवले. तोंडाचे आणि घशाचे थांबले. त्यांचं पुन्हा सीटी स्कॅन, पुन्हा साचा, पुन्हा सगळा आराखडा. तो तपासणारे तज्ज्ञ नांदेडहून आठवड्यातून दोनदा यायचे, ते रोज येऊ लागले. तरी एकेका पेशंटला वेळ लागणारच होता.

ती बाकड्यावर बसली होती. मी जाऊन सांगितलं, मशीन बिघडलंय, तुमचं सगळं नव्यानं करायचंय, दहा-बारा दिवसांत बोलावणं येईल.

"बारा दिस?" ती म्हणाली. माझ्याकडं नीट बघितलं. "म्हंजे बारा दिस मुसकं न्हाई?"

"न्हाई."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सहन झालं नाही. तिला सुट्टी मिळाली होती. घरी सोयाबीनची रास पडली होती, लेक एकटा होता. ती पिशवी उचलून लगबगीनं स्टँडकडं गेली.

मेलेली डिस्क घेऊन मी रेल्वेनं हैदराबादला निघालो. असल्या डिस्का उघडून आतलं काढणारे लोक तिथं आहेत असं कळलं होतं. डिस्क फेसाच्या पाकिटात गुंडाळून मांडीवर ठेवली होती. उदगीरला डब्यात धान्याचे व्यापारी चढले, त्यातल्या एकानं विचारलं, मांडीवर काय आहे एवढं जपून? मी म्हणालो, यंत्राचा भाग आहे. हैदराबादच्या माणसानं तीन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं की आतल्या थाळीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही. त्यानं आणखी एक विचारलं: डिस्क आली नाही तेव्हा मशीन सुरू होताना थांबलं कसं नाही? माझ्या धंद्यातला माणूस, त्याला लगेच कळलं. मी डिस्क पुन्हा पाकिटात घातली आणि निघालो.

तेराव्या दिवशी तिच्या नव्या स्कॅनचा आणि साच्याचा नंबर लागला. फोन करायचं काम दुसऱ्यांचं होतं, पण तिचा फोन मीच केला. लेकानं उचलला. रास उरकली की आणतो म्हणाला. दोन दिवसांनी परत केला, हरभऱ्याची पेरणी उरकली की आणतो म्हणाला. मग मी मोटरसायकल काढली आणि तिच्या गावी गेलो. एवढं मात्र मी केलं. ते मी स्वतःला पुष्कळदा सांगतो, पण त्यानं काही भागत नाही.

ती अंगणात सूप घेऊन बसली होती. मला बघून उठली. अंगावर थोडं मांस आलं होतं. बसायला घोंगडं टाकलं आणि मी नको नको म्हणत असताना पिठलं-भाकरी वाढून आणली. स्वतःही एक भाकरी दुधात कुस्करून घेतली.

"बघ," ती म्हणाली, आणि तोंड उघडून दाखवलं. "समदी कातडी नवी आली. तीन हप्ते भाकर शिवले नव्हते. आता दोन येळंला खातेय."

मी म्हणालो, मावशी, अकरा शेक राहिलेत. चला. उद्याच चला.

"आता कामून?"

"आतला आजार गेला नसंल. तोंड बरं झालं म्हणजे आजार बरा झाला असं नसतंय."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि मला समजावून सांगायला लागली, लहान लेकराला सांगावं तसं. तोंड सोललं तेव्हा ती माहूरच्या रेणुकाआईला बोलली होती की हे सोसवंना, तूच काय ते कर. आणि कधी बंद पडलं? नवमीला. बरोबर नवमीला. एवढं मोठं मशीन, एवढे शिकलेले लोक, कोणाला चालू करता आलं नाही. आईनंच सोडवलं होतं तिला. आता पुन्हा त्या मशीनखाली जाऊन झोपायचं म्हणजे आईचा शब्द मोडायचा.

लेक दारात उभा राहून ऐकत होता. तो बारावीपर्यंत शिकलेला, शांत माणूस. त्याला हे सगळं पटलेलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं सरळ मला विचारलं:

"साहेब, खरं सांगा. मशीन आपोआप बंद पडलं, का कुणी बंद केलं?"

आजही तो प्रश्न मला त्याच्या आवाजात ऐकू येतो. उत्तर एका वाक्याचं होतं. नवमीला मी बंद केलं, पूजेसाठी, आणि पुढचं सगळं माझ्या चुकीनं झालं. एवढं बोललो असतो तर तिच्या आईचा त्यात काही हात नव्हता हे तिला तिथंच कळलं असतं. पण मग तो मला काय म्हणाला असता, दवाखान्यात येऊन काय म्हणाला असता, डॉक्टरबाईंना माझं व्होल्टेज खोटं होतं हे कळलं असतं, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. भाकरीचा घास माझ्या हातात होता.

"व्होल्टेजनं बंद पडलं," मी म्हणालो. "आपोआप."

लेकानं मान हलवली. "मग आई म्हणती ते असंल बी," तो म्हणाला आणि आत गेला.

मी अजून अर्धा तास बोललो. डॉक्टरबाईंचं नाव घेतलं, भीती घातली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि जाताना मला पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण तो घडा पालथा घालून मीच ठेवला होता.

बाकीचे पेशंट परतले, त्यांचे शेक पुरे झाले. ती आली नाही. मी सर्व्हरला नव्या डिस्का बसवल्या, यादीतला तो शब्द काढून टाकला, नकलेचं काम असं केलं की फोल्डर रिकामा दिसला तर ते सुरूच होणार नाही. दीड तासाचं काम होतं ते. एवढ्या वर्षांत मला दीड तास मिळाला नव्हता.

थंडीच्या दिवसांत एकदा माझ्यानं राहवेना. डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं, नोफेलपासून व्होल्टेजपर्यंत. रागावतील, काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातल्या पेनला टोपण लावलं.

"मला सांगून तुम्हाला बरं वाटलं असेल," त्या म्हणाल्या. "ज्यांचं नुकसान झालं त्यांना सांगितलंत का?"

"नाही."

"मग जा आणि सांगा. अजूनही उशीर झालेला नसेल तर नशीब."

मी जातो म्हणालो. पुढच्या रविवारी जाणार होतो. मग त्याच्या पुढच्या. एकदा तर अहमदपूरच्या स्टँडपर्यंत गेलो, चहा प्यालो आणि परत फिरलो. चोराच्या मनात चांदणं, प्रत्येक माणूस माझ्याकडंच बघतोय असं वाटत होतं.

चैत्रात तिचा लेकच तिला घेऊन आला. मी जिन्यावरून बघितलं आणि आधी ओळखलंच नाही. मानेच्या एका बाजूला लिंबाएवढी गाठ, त्यावरची कातडी ताणलेली, गाल पुन्हा सुजलेला. डॉक्टरबाईंनी तपासलं, स्कॅन केलं. लेकाला आत बोलावून घेतलं आणि दार लावलं. अर्ध्या तासानं तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दुखणं कमी करायच्या गोळ्यांची चिठ्ठी होती, बाकी काही नव्हतं. शेकाचा नंबर नव्हता, पुढची तारीख नव्हती. तो औषधाच्या दुकानाकडं गेला. ती सर्व्हरच्या दारापाशी त्याच बाकड्यावर बसून राहिली, आणि मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

मी सांगितलं. खाली बघून सांगितलं. नवमीला मशीन मी बंद केलं. ते पुन्हा उठलं नाही. नक्कल होती तीही माझ्याच चुकीनं पुसली गेली. व्होल्टेज खोटं होतं.

तिला बोलताना त्रास होत होता, शब्द जाड येत होते. तरी तिनं एकेक विचारलं.

"नवमीला तू बंद केलंस?"

"हाव. पूजेला."

"आन् आईनं?"

"आईनं काही केलं नाही, मावशी."

ती पदराच्या टोकानं ओठांच्या कडेची लाळ पुसत बसली. समोरून एक स्ट्रेचर गेलं, तिकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या लेकानं इचारलं व्हतं तुला. माझ्या म्होरं."

"हाव."

"तवा कामून न्हाई बोललास?"

"भ्यालो."

"कशाला?"

"नोकरी जाईल म्हणून." आणि ते अर्धंच खरं होतं म्हणून पुढं म्हणालो, "तुम्ही मला काय म्हणाल म्हणूनबी."

"मी काय म्हणले असते," ती म्हणाली. तिला दम लागला. "मी आले असते की रं. तवाच आले असते."

ती रागात नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते बघितलं. तेवढ्यात लेक गोळ्या घेऊन आला. मी उठलो. दवाखान्याच्या दाराशी चार पायऱ्या आहेत, उतरताना तिचा तोल जात होता, म्हणून आधाराला मी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. लेक पुढं गाडी काढायला गेला होता, तो येईपर्यंत ती भिंत धरून उभी राहिली.